वाचनालयाच्या कपाटातल्या लेखिका

मुंबईच्या पार्ल्यात वाढलेल्या माणसाला मराठी वाङ्मयाचा इतिहास दोन ठिकाणी भेटतो. एक कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात, दुसरा वाचनालयात. पहिल्यात हरिभाऊ आपटे, फडके-खांडेकर, मग गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर अशी रांग लागते. दुसऱ्यात योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, कुसुम अभ्यंकर, सुमती क्षेत्रमाडे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर. साधारण 1950 ते 1985 या काळात कपाटातून सतत बाहेर असायची ती यांची पुस्तकं. पहिल्या इतिहासात या नावांच्या वाट्याला आली तर एखादी ओळ येते.

हे असं का झालं, याचं उत्तर मला टीकाग्रंथांत मिळालं नाही. ते पुस्तकाच्या धंद्यात सापडतं. बाईने लिहिलेलं पुस्तक कोणी छापलं, त्याचे पैसे कोणी घातले, ते वाचणारणीच्या हातात कोणत्या वाटेने गेलं, हे पाहत मागे जावं लागतं. मागे म्हणजे निदान 1882 पर्यंत.

त्या साली मराठीत बायकांची दोन पुस्तकं आली. पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’. रमाबाईंचं नाव तेव्हाच गाजत होतं. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ म्हटलं होतं. पुस्तकाला गिऱ्हाईक मिळालं आणि त्या विक्रीचा 1883च्या इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला. ताराबाईंचं पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलं, त्याला दिलेलं ते जळजळीत उत्तर होतं. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. एवढा एक आधार सोडला तर पुस्तक बुडालं. दुसरी आवृत्ती निघाली नाही आणि ताराबाईंचं दुसरं पुस्तकही आलं नाही. स. गं. मालशे यांनी 1975 मध्ये ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा मधे 93 वर्षं गेली होती.

लेखणीचं बळ दोघींकडे होतं. ताराबाईंच्या भाषेची धार तर आजही हाताला लागते. पण रमाबाईंच्या पुस्तकामागे सभा होत्या, परिचित मंडळी होती, घेणारे लोक होते. ताराबाईंच्या मागे पाचशे प्रतींचा एक गठ्ठा. पुस्तक टिकायला गुण लागतो आणि वाटही लागते.

रमाबाईंनी ही गोष्ट फार लवकर ओळखली असावी. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशन या आश्रमात त्यांनी छापखानाच घातला. आश्रमातल्या मुली तिथे खिळे जुळवायला शिकल्या, पानं बांधायला शिकल्या, यंत्र चालवायला शिकल्या. ज्यांना घराने टाकलं, दुष्काळाने हाकललं, त्या मुलींच्या बोटांखाली मराठी मजकूर उलटा रचला जात होता. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी मुळावरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यात तयार झालं. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ 1924 मध्ये पुरा होऊन बाहेर आला. लेखिका बाई, कंपोझिटर बाया, बांधणी बायांची. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या छापखान्याला याहून मोठी जागा मिळायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

याला जोड शोधायची तर अठराव्या शतकातल्या डब्लिनला जावं लागतं. तिथे कॉन्स्टन्शिया ग्रिअर्सन नावाची बाई होती. किल्केनीच्या गरीब घरातली, सुईणीचं काम शिकलेली, पण लॅटिन-ग्रीकमध्ये पारंगत. नवरा जॉर्ज ग्रिअर्सन मुद्रक. त्याच्या छापखान्यातून निघालेल्या टेरेन्स आणि टॅसिटस यांच्या लॅटिन आवृत्त्या तिने संपादित केल्या, प्रुफं तपासली. नवऱ्याला राजमुद्रकाची सनद मिळाली ती तिच्या या कामाच्या जोरावर. ती 1732 मध्ये गेली, ऐन उमेदीत. तिची मैत्रीण मेरी बार्बर ही डब्लिनच्या लोकरीच्या कापडाच्या व्यापाऱ्याची बायको. मुलांना शिकवता शिकवता ती कविता करू लागली. तिचा संग्रह 1730च्या दशकात निघाला तो वर्गणीवर: आधी नावं नोंदवायची, पैसे जमवायचे, मग छापायचं. जोनाथन स्विफ्टने शब्द टाकला आणि नऊशेच्या वर वर्गणीदार मिळाले. पण डब्लिनच्या या बाईचं ते पुस्तक लंडनला छापलं गेलं. इंग्लंडचा 1710चा स्वामित्वहक्काचा कायदा आयर्लंडला लागू नव्हता. डब्लिनचे मुद्रक लंडनची पुस्तकं बिनदिक्कत पुन्हा छापून स्वस्तात विकत. वाचकाची त्यात चंगळ होती. लेखकाला मात्र लेखनाचे पैसे हवे असतील तर लंडन गाठावं लागे. 1801 मध्ये कायदा तिकडेही लागू झाला आणि पुनर्मुद्रणावर जगणारा डब्लिनचा धंदा बसला.

आपल्याकडे वर्गणीदारांची जागा बराच काळ घरातल्या पुरुषाने भरून काढली. काशीबाई कानिटकर लग्नानंतर वाचायला शिकल्या. पती गोविंदराव लेखक, हरिभाऊ आपट्यांशी पत्रव्यवहार. काशीबाईंनी लिहिलेलं डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र 1889 मध्ये निघालं. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी आधी मासिकातून येत राहिली आणि पुस्तक झाली 1903 मध्ये. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ सुद्धा आधी ‘संजीवनी’त क्रमशः आली आणि 1934 पासून भागाभागाने पुस्तकरूप झाली. मुलगा देवदत्त पाठीशी नसता तर काय झालं असतं, हा विचार करवत नाही. मासिक ही बायकांच्या लेखनाची पहिली मोकळी वाट होती. का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने ती रुंद केली आणि 1930 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ काढून तिला स्वतंत्र दार दिलं.

1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं. लेखिका विभावरी शिरूरकर. ह. वि. मोटे यांच्यासारखा प्रकाशक मागे उभा राहिला म्हणून मालतीबाई बेडेकरांचं खरं नाव झाकलेलं राहू शकलं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातलं त्या पुस्तकाने बोलून दाखवलं आणि गहजब झाला. लिहिणारी बाई आहे की बाप्या, यावर पैजा लागाव्यात अशी चर्चा. अशा वेळी प्रकाशकाने तोंड मिटून ठेवणं हीच लेखिकेची ढाल होती.

आता पार्ल्याकडे येतो. लोकमान्य टिळक 1920 मध्ये गेले आणि त्यांच्या नावाने इथे 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय, 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. संघाच्या टिळक मंदिरातलं ग्रंथालय हे या उपनगराचं वाचनाचं केंद्र. त्याखेरीज गल्लीबोळांत खासगी वाचनालयं होती. एका खोलीत चारी भिंतींना कपाटं, दारात टेबल, टेबलावर रजिस्टर, महिन्याची वर्गणी आणि थोडं डिपॉझिट. काहींचा माणूस सायकलवरून घरोघर मासिकं बदलून देत फिरायचा. नवरा आठ-सव्वाआठच्या लोकलने फोर्टात गेला, मुलं शाळेत गेली, दुपारची झाकपाक झाली की दोन ते चार हा वाचनाचा वेळ. पुस्तक विकत घेणं या घरांच्या हिशेबात बसत नव्हतं. मुंज-लग्नात आहेर म्हणून दिलं तर दिलं. पण महिन्याच्या वर्गणीत आठ-दहा कादंबऱ्या व्हायच्या.

हा सगळा व्यवहार प्रकाशकांनी बरोबर हेरला होता. कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशेची. त्यातली बरीच वाचनालयांनी उचलायची. 1967च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदानाचा आधार दिला, तसं हे गणित आणखी पक्कं झालं. म्हणून पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, पन्नास हातांतून जाऊन टिकेल असं. म्हणून पानंही दोनशे-अडीचशे, दोन दुपारींत संपणारी. लेखिकेला वर्षाला एक-दोन कादंबऱ्या द्याव्या लागत आणि त्या तशा दिल्या जात.

अशी एक प्रत माझ्यासमोर आहे. कणा कापडाने पुन्हा शिवलेला, पानांच्या कडा पिवळ्या. शीर्षकपानावर जांभळ्या शाईत दाखल क्रमांक, मागे तारखांची चिठ्ठी, तिच्यावर दुसरी चिठ्ठी आणि त्या दोन्हींवर तिसरी. तारखा आठ-आठ दहा-दहा दिवसांच्या अंतराने, म्हणजे पुस्तक कपाटात थांबलंच नाही. मधल्या एका पानावर, सून सासूला पहिल्यांदा ‘नाही’ म्हणते तिथे, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय: ‘अगदी खरं’. त्याखाली वेगळ्या अक्षरात: ‘बोलणं सोपं’. पार्ल्यातल्या दोन बायका, बहुधा एकमेकींना न ओळखणाऱ्या, त्या समासात बोलत होत्या. ही दाद कोणत्याही परीक्षणात आलेली नाही.

या लेखिका कोण होत्या तेही पाहावं. योगिनी जोगळेकर गायिका होत्या. सुमती क्षेत्रमाडे डॉक्टर. त्यांची ‘महाश्वेता’ पुढे दूरदर्शनवर मालिका होऊन घराघरांत गेली. ज्योत्स्ना देवधर आकाशवाणीत काम करायच्या. कुसुम अभ्यंकर डॉक्टर आणि रत्नागिरीच्या आमदार झाल्या. घराबाहेर पाऊल टाकलेल्या, कमावत्या, सभा-माइक सरावाचे असलेल्या या बाया. त्यांच्या नायिका बहुतेक वेळा घरी परततात, तडजोड करतात, हे खरं. त्याच मुद्द्यावर टीकाकारांनी त्यांना ‘कौटुंबिक’ म्हणून बाजूला सारलं. मला हा निवाडा अपुरा वाटतो. परतण्याआधी ती नायिका दोनशे पानं काय काय विचारते, कोणाकोणाला जाब मागते, हे वाचणारणीला नीट कळत होतं. शेवट हा त्या धंद्याचा करार होता. मधली पानं लेखिकेची होती.

त्याच काळात दुसरी वाटही होती. ‘मौज’सारख्या प्रकाशनाने थोडी पण निवडक पुस्तकं काढली आणि ती टीकेच्या नजरेत राहिली. कमल देसाईंचं ‘हॅट घालणारी बाई’ 1975चं. दुर्गाबाई भागवत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या तेही 1975 साल आणि ताराबाई शिंदे परत आल्या तेही तेच. या वाटेचं मोल मी कमी मानत नाही. पण ती वाट अरुंद होती आणि तिच्यावर चालण्यासाठी ओळखीची, शिक्षणाची, शहराची पुंजी लागत होती.

ज्यांच्याकडे ती पुंजी नव्हती त्यांना तिसरी वाट पाडावी लागली. फलटणच्या बेबी कांबळे दुकानात बसून, घरच्यांच्या नजरेआड वह्या भरत होत्या. ते ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि 1986 मध्ये पुस्तक झालं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ 1989 मध्ये ‘स्त्री उवाच’ने काढलं; ही मुंबईतल्या स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी स्वतः उभारलेली प्रकाशनसंस्था. त्याच वर्षी विद्या बाळांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. पवारांचं ‘आयदान’ 2003 मध्ये ‘ग्रंथाली’ने छापलं. ‘ग्रंथाली’ची पद्धत अशी की वाचकांना सभासद करून घ्यायचं आणि त्यांच्या आगाऊ पैशावर पुस्तक स्वस्तात द्यायचं. मेरी बार्बरची वर्गणीदारांची यादी अडीचशे वर्षांनी मुंबईत वेगळ्या रूपात कामाला आली. फरक इतकाच की इथे कोणा स्विफ्टच्या शब्दाची गरज पडली नाही.

1985 नंतर खासगी वाचनालयं एकेक करून मिटली. दुपारी टीव्ही आला, बायकांच्या नोकऱ्या वाढल्या, पार्ल्यातल्या चाळी आणि बंगल्या पाडून टॉवर उभे राहिले आणि एका खोलीचं भाडं वर्गणीत निघेना. कपाटं रद्दीत गेली. सार्वजनिक ग्रंथालयंही जीर्ण पुस्तकं काढून टाकतात, आणि सर्वांत जीर्ण तीच असतात जी सर्वांत जास्त वाचली गेली. दुर्लक्षित कवितासंग्रह कोरा करकरीत टिकतो, बायकांनी झिजवलेली कादंबरी निकालात निघते. 2025 पर्यंतच्या 98 साहित्य संमेलनांच्या अध्यक्षांत स्त्रिया सहा: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. वाचनालयाच्या कपाटातली त्यांत एकही नाही.

कपाटातली पुस्तकं अशी विसरली जाणं नवं नाही. आयर्लंडमधल्या वॉटरफर्डची रेजिना मरिया रोश हिच्या कादंबऱ्या लंडनच्या विल्यम लेनने आपल्या मिनर्व्हा प्रेसमधून काढल्या. त्याही भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांसाठीच. तिची ‘द चिल्ड्रन ऑफ द ॲबी’ 1796 मध्ये निघाली आणि इतकी वाचली गेली की जेन ऑस्टिनच्या ‘एमा’तल्या हॅरिएटच्या तोंडी तिचं नाव येतं. टीकाकारांनी मिनर्व्हाची पुस्तकं हिणवली, प्रती फाटल्या, हरवल्या. अलीकडे विद्यापीठांतून त्यांच्या याद्या जुळवल्या जात आहेत आणि जुन्या वाचनालयांचे कॅटलॉग त्या कामाचं पहिलं साधन ठरले आहेत.

आपल्याकडे ते साधन अजून हाताशी आहे. ग्रंथालयांच्या दाखल नोंदवह्यांत पुस्तकाचं नाव, लेखिका, प्रकाशक, किंमत, खरेदीची तारीख आणि पुस्तक कमी केल्याची नोंदही असते. पार्ले, दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली इथल्या पन्नास वर्षांच्या वह्या स्कॅन करून एकत्र केल्या, तर कोणती लेखिका किती ग्रंथालयांनी घेतली आणि कोणतं पुस्तक झिजून दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, हे सांगता येईल. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या वाचणाऱ्या बायकांना विचारून ठेवण्यासारखंही बरंच आहे. नोंदवह्या थांबतील थोडा काळ. या बायकांकडे मात्र आताच जायला हवं.