'ग्रामर स्कूल' आणि मराठीतील शब्दांच्या आठ जाती

पदव्युत्तर वर्गात 'मराठीत शब्दांच्या जाती किती?' असे विचारले की 'आठ' हे उत्तर एकमुखाने येते. त्या आठच का, असे विचारताच मात्र वर्ग स्तब्ध होतो. यास्काने पदजाते चार मानली. पाणिनीने सुबन्त व तिङन्त अशी दोनच पदे सांगितली. मग हा आठाचा आकडा आला कोठून? त्याचा माग काढीत गेले असता आपण मुंबईतील एका इंग्रजी शाळेच्या दाराशी पोचतो. आणि ती शाळा नीट समजावयाची तर तिच्या विलायतेतील पूर्वजांची, म्हणजे जुन्या 'ग्रामर स्कूल'ची, आधी ओळख करून घेतली पाहिजे.

या नावातील 'ग्रामर' इंग्रजीचे नव्हे, लॅटिनचे होय. मध्ययुगापासून चालत आलेल्या या मुलग्यांच्या शाळांत लॅटिन हाच मुख्य विषय असे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने विल्यम लिलीच्या नावाने ओळखले जाणारे लॅटिन व्याकरण राजमान्य ठरविले, आणि आपल्याकडे पाठशाळेत लघुकौमुदी घोकीत तसे ते तेथे पिढ्यान् पिढ्या घोकले गेले. लीड्स येथील ग्रामर स्कूलच्या निधीतून आधुनिक भाषा व गणित शिकवावे, असा विचार पुढे आला तेव्हा १८०५ मध्ये लॉर्ड एल्डन यांनी न्यायासनावरून सांगितले की, ग्रामर स्कूल म्हणजे अभिजात भाषांचे व्याकरणशुद्ध अध्यापन करणारी शाळा. हे बंधन सैल होण्यास १८४० चा कायदा यावा लागला.

लिलीच्या व्याकरणात शब्दांच्या जाती आठ होत्या. हा आकडा त्याहूनही जुना, ग्रीकांचा. गंमत अशी की, ग्रीक भाषेतील उपपद लॅटिनमध्ये नव्हते, म्हणून रोमन वैयाकरणांनी ते वगळले. पण आठाचा मेळ मोडू नये म्हणून की काय, केवलप्रयोगी शब्दांची स्वतंत्र जाती करून रिकामी जागा भरून काढली! वर्णनापेक्षा संख्येचीच निष्ठा येथे मोठी दिसते.

पुढे हाच साचा इंग्रजीस लावण्यात आला. १७९५ मध्ये लिंडले मरे याने जे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात नऊ जाती होत्या. उपपद परत आले, विशेषण नामापासून वेगळे झाले आणि लॅटिनमधील धातुसाधितांची जाती क्रियापदात विलीन झाली. मरेने हे पुस्तक यॉर्क येथील मुलींच्या एका शाळेसाठी लिहिले होते. मुंबईत मात्र ते मुलग्यांच्या वाट्यास आले.

१८२२ मध्ये स्थापन झालेल्या 'हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी'ने, जी पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली, मुंबईत इंग्रजी शाळा चालविली. १८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपये जमले व त्यांतून उच्च वर्गांच्या प्राध्यापकांची सोय झाली. १८४० मध्ये शाळा व हे वर्ग एकत्र झाले; १८५६ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेज व एल्फिन्स्टन हायस्कूल असे ते पुन्हा विभक्त झाले. बाळशास्त्री जांभेकर व दादाभाई नौरोजी येथेच शिकले आणि येथेच शिकवू लागले. मुलींना येथे प्रवेश नव्हता. परंतु येथील विद्यार्थ्यांच्याच ज्ञानप्रसारक सभेने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा उघडल्या, हेही नमूद केले पाहिजे. विलायतेत जे स्थान लॅटिनचे, ते येथे इंग्रजीस मिळाले: घरी कोणी न बोलणारी, व्याकरणाच्या वाटेने शिकावयाची भाषा.

सोसायटीच्या याच शाळेत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४-१८८२) इंग्रजी शिकले. १८३६ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले. त्यापुढे नमुना मरेचा होता. मरेच्या नऊ जातींतून मराठीत नसलेले उपपद वजा करावे, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकांतील आठ जाती हाती येतात. दादोबांनी आंधळे अनुकरण केले, असे मात्र म्हणता येणार नाही. इंग्रजीत जो शब्द नामापूर्वी येतो, तो मराठीत नामाच्या सामान्यरूपामागून येतो: 'घरापुढे', 'झाडाखाली'. 'शब्दयोगी' या संज्ञेत पूर्व-पर हा भेदच उरत नाही, आणि ती मराठीस चपखल बसते. खरी अडचण विशेषणाची आहे. इंग्रजी विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही, म्हणून ते नामापासून सहज तोडता येते. मराठीत 'चांगला-चांगली-चांगले' अशी रूपे होतात आणि 'मोठ्यांचे ऐकावे' येथे तर विशेषण सरळ विभक्ती घेते. ही आठांची चौकट अरविंद मंगरूळकर यांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' या ग्रंथात पुन्हा तपासण्यास घेतली.

आपल्या परभणीकडील इतिहास थोडा वेगळा आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. राजधानी हैदराबादेत १८३४ पासून सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल होते खरे. पण १८८४ पासून राज्यकारभाराची आणि पुढे माध्यमिक शिक्षणाचीही भाषा उर्दू झाली. त्यामुळे घरी मराठी बोलणारा येथील मुलगा शाळेत उर्दूचे व्याकरण शिके, आणि त्यात अरबी परंपरेप्रमाणे जाती तीनच: इस्म, फेल व हर्फ. नाम, सर्वनाम आणि विशेषण ही तिन्ही इस्मच्याच पोटात येतात. वरील 'मोठ्यांचे' या शब्दापाशी आठांची चौकट अडखळते. तीन जातींची अडखळत नाही.