पुस्तकावरून गिटार शिकता येईल का?

आमच्या गटांच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न येतो. मुलीला गिटार शिकायची आहे, गावात शिकवणारे कोणी नाही, तालुक्याच्या क्लासची फी आणि बसभाडे झेपत नाही. मग पुस्तकावरून येईल का?

पूर्वी गाणे-बजावणे गुरूच्या घरी राहूनच शिकायचे. सेवा करायची आणि गुरू देतील तेवढे घ्यायचे. घरंदाज बायकांना ते दार बंदच होते. हे दार उघडायला छापील पुस्तकांची मोठी मदत झाली. कुरुंदवाडला 1872 साली जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका वर्गात अनेकांना शिकवायचे, तर सर्वांपुढे एकच धडा हवा. म्हणून त्यांनी सूर-ताल लिहिण्याच्या खुणा ठरवल्या आणि पुस्तके छापली. त्यांत स्त्रियांसाठीही पुस्तक होते. पुढे ते आपल्या नाशिकला आले आणि इथे त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. मुंबईच्या पंडित भातखंड्यांनी घराण्यांतल्या चिजा मिळवून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत आणली. त्यांच्या खुणा सोप्या आहेत: अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर, खाली टिंब म्हणजे खालचे सप्तक, वर टिंब म्हणजे वरचे.

गिटारच्या पुस्तकांचेही असेच झाले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या आमात नावाच्या डॉक्टरांनी छोटे पुस्तक लिहून गिटारच्या सुरावटींना आकडे दिले. आजच्या पुस्तकांत सहा तारांच्या सहा रेषा असतात. रेषेवर 2 लिहिले असेल, तर ती तार दुसऱ्या पडद्याजवळ दाबायची. 0 म्हणजे तार मोकळी वाजवायची. एक लक्षात ठेवा: सर्वांत खालची रेषा ही सर्वांत जाड तार असते. गिटार हातात धरली की तीच तार वर दिसते, म्हणून मुली सुरुवातीला गोंधळतात.

बोट कुठे ठेवायचे ते पुस्तक सांगते, पण सूर बरोबर लागला की नाही ते सांगत नाही. तिथे आपल्या भजनी मंडळाची पेटी कामाला येते. जाड तारेपासून बारीक तारेकडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन, असे सूर जुळवायचे. जाड तारांचा सूर खालच्या सप्तकातला असतो. पेटीच्या वरच्या सुराला ओढायला गेलो, तर तार तुटते. म्हणून खुंटी हळूहळू फिरवायची.

तेव्हा उत्तर असे: सुरुवात पुस्तकावरून नक्की होते. एक पुस्तक गटाने मिळून घ्यावे, मुलींनी आळीपाळीने वापरावे, रोज अर्धा तास बसावे. पेटी वाजवणाऱ्या मावशींनी आठवड्यातून एकदा ऐकावे. महिन्या-दोन महिन्यांतून जमेल तेव्हा जाणकाराला हात दाखवून यावे. चुकीची सवय लागली असेल, तर ती लवकर सुटते. फी नाही म्हणून मुलीची हौस मारू नका, एवढेच सांगणे.