हक्क कानी पडावा
जिल्ह्यात अधिकारी असताना एका दृष्टिहीन तरुणाने माझ्याकडे योजनांची माहिती मागितली. मी छापील पत्रक पुढे केले. ‘साहेब, हे मला वाचून कोण दाखवणार?’ त्या प्रश्नाने मी आजही ओशाळतो.

देशात साधनांची अगदीच वानवा नाही. महायुद्धात दृष्टी गमावलेल्यांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला उघडलेल्या वसतिगृहातून आजची राष्ट्रीय संस्था उभी राहिली; १९५१ मध्ये तेथे ब्रेल मुद्रणालय आले. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आले, दिव्यांग हक्क कायदाही आला.

मात्र २०११ च्या जनगणनेत नोंदलेल्या सुमारे ५० लाख दृष्टिबाधितांपर्यंत हे पोहोचायचे, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देतानाच प्रशिक्षण, पुस्तके, शिष्यवृत्ती कोठे मिळतील हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत ऐकवले पाहिजे. जो हक्क कानी पडत नाही, तो कागदावरच राहतो.