दोन त्रिकोणांमधलं पोट

डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची गोष्ट इथे पोराटोरांना पाठ आहे. देवी डोंगरावर राहायची. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, ती वाटेतच घेरी येऊन पडली. देवी म्हणाली, तू नको दमूस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याचं हे देऊळ. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस जत्रा भरते ती इथेच. मी नर्स. या पाड्यांवर अठरा वर्षं फिरतेय. गोष्ट ऐकली की मला आधी त्या बाईच्या हिमोग्लोबिनचीच काळजी लागते.

उपकेंद्राच्या भिंतीवर आम्ही वारली चित्रं काढून घेतली. लोहाच्या गोळ्या, लसीकरण, नेहमीचंच. पण वारली माणूस म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. कंबर नावालाच. त्यात गरोदर बाई कशी काढायची? चित्रकार पोराने मध्ये सरळ एक गोल काढला. नातवाला लस द्यायला आलेली आजी हसत सुटली. "बाई, हिला पोट नाय, घागर हाय!" मग तिने बांबूची काडी चावून मऊ केली, रंगात बुडवली आणि खालच्या त्रिकोणात पेराएवढं माणूस काढलं.

खरं तर पोरगाही फार चुकला नव्हता. वारल्यांच्या भिंतीवरच्या लग्नचौकात मधोमध असते ती पालघट, म्हणजे काठोकाठ भरलेल्या घटाची देवी. सवाशिणी चौक 'काढत' नाहीत, 'लिहितात'. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. ज्या तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्याच तांदळाचे दाणे सुपात घेऊन भगत आजाऱ्याचं दुखणं बघतो. कूस, धान्य आणि दुखणं असे तीन वेगळे विभाग इथे नाहीत. आमच्या रजिस्टरात आहेत.

याच तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचंही तसंच, दुखणं आणि चित्र वेगळं नव्हतं. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणंच बंद झालं. मातीत रेघोट्या ओढून ते सांगायचे म्हणतात. बायकांनी लग्नापुरती जपलेली ही कला पुढे त्यांनी रोजची केली, कागदावर आणली, परदेशात नेली. 2011 साली पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

तपासणीच्या दिवशी बाया आमच्या भिंतीशी रांग लावतात. त्रिकोणातल्या त्या इवल्या माणसावर बोट ठेवून कुणीतरी विचारतंच, "कितवा गं हिला?" आणि मी काट्यावर पुढचीला बोलावते.