बदलापुरात घर बघताना

मुंबईच्या मानाने घर स्वस्त पडतं, म्हणून लहान मुलं असलेली कुटुंबं कल्याणपलीकडे बदलापूरकडे वळतात. दलाल सॅम्पल फ्लॅट दाखवेल; तुम्ही आधी नदी बघा. उल्हास नदी शहराला लागूनच वाहते. २७ जुलै २०१९ रोजी पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान हजारभर प्रवाशांसह अडकली होती. त्या वर्षी पाणी कुठवर चढलं, हे कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. त्याला फ्लॅट विकायचा नसतो, त्यामुळे तो खरं सांगतो. नळाला पाणी किती वेळ येतं, टँकर लागतो का, हेही त्याच्याकडूनच कळेल.

भोगवटा प्रमाणपत्र मागाच. नव्या प्रकल्पाची नोंदणी महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येते.

जाहिरातीत स्टेशन नेहमीच ‘पाच मिनिटांवर’ असतं. कुणाच्या पायांनी, ते छापत नाहीत. आईवडील दोघंही नोकरीला जात असतील, तर शाळेइतकंच पाळणाघर महत्त्वाचं. लोकल रखडली तर तिथे मुलाला किती वाजेपर्यंत सांभाळतात? स्टेशन ते घर या वाटेवरचं पाळणाघर मला स्विमिंग पूलपेक्षा मोलाचं वाटतं.

टोकन देण्याआधी एकदा पावसाळ्यात, कामाच्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने तिथे जाऊन या.