जिरॅनिऑल किती, एवढंच विचारू नका

रोशा तेलाचा तपासणी अहवाल हातात पडला की शेतकरी असो की व्यापारी, नजर आधी एकाच ओळीवर जाते : तेलातला मुख्य सुगंधी घटक, जिरॅनिऑल, किती टक्के? 80 दिसलं की चेहरा खुलतो, 60 दिसलं की भाव पडणार हे कळून चुकतं. सुगंधी तेलांचं पृथक्करण हेच माझं काम. त्या एका आकड्यावर अख्खा व्यवहार ठरताना मी नेहमी पाहते. म्हणून तो आकडा येतो कुठून आणि त्याच्यावर विसंबायचं किती, हे एकदा नीट सांगावंसं वाटतं.

रोशा आपल्या मातीतलं गवत. खानदेशात, मेळघाटात डोंगरउतारांवर ते आपसूक उगवतं. कुणी त्याला रोहिष म्हणतं, कुणी तिखाडी. पान चुरगाळलं की गुलाबाच्या अंगाने जाणारा वास येतो. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या पट्ट्यात रोशाच्या भट्ट्या लागत. तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथून पुढे बल्गेरियातल्या महागड्या गुलाबतेलात भेसळ म्हणून मुरे. गुलाबातही जिरॅनिऑल असतंच, त्यामुळे नुसत्या नाकाला ही लबाडी पकडणं अवघड होतं. 1871 साली ऑस्कर याकोब्सन या जर्मन रसायनज्ञाने जिरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, ते भारतातून आलेल्या याच गवती तेलातून. सुगंधाच्या रसायनशास्त्रातली इतकी मोठी गोष्ट आपल्या उतारावरच्या गवतातून निघाली, याचं मला आजही अप्रूप आहे.

या गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. उभ्या पिकात त्या ओळखायला भलेभले चुकतात. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावर विरळ वाढतो, सोफिया ओलाव्याच्या जागी दाट. पण एकदा बी गोळा होऊन शेतात पेरलं गेलं की ही खूण संपली. तेलात मात्र दोघांची गाठ पडत नाही. मोतियात जिरॅनिऑल साधारण 70 ते 85 टक्के आणि त्याच्या जोडीला जिरॅनिल ॲसिटेट. सोफियात जिरॅनिऑल कमी, आणि लिमोनिन, पेरिलिल अल्कोहोल अशी मंडळी जास्त. वास उग्र, आल्याच्या जवळचा. बाजारात त्याला मोतियाचा भाव कोणी देत नाही.

धुळे जिल्ह्यातले एक शेतकरी गवताची पेंढी आणि प्लॅस्टिकच्या कॅनमधलं तेल घेऊन आले होते. बी कुणाकडून तरी विकत घेतलेलं.

“ताई, गवत मोतियाच आहे ना, तेवढं सांगा.”

“काका, नुसतं बघून नाही सांगता यायचं. याचं तेल आपण इथे काढू, मग बोलू.”

तेल काढायचं भांडं म्हणजे क्लेव्हेंजर. 1928 साली क्लेव्हेंजर यांनी ते मांडलं आणि आजही जगभर तेच चालतं. गोल बुडाच्या चंबूत चिरलेलं गवत आणि पाणी, खाली हीटिंग मँटल, वर काचेची वाकडी नळी आणि कंडेन्सर. वाफ तेल घेऊन चढते, थंड होऊन खाली येते, आणि खुणा केलेल्या बारीक नळीत पाण्यावर तेल साचत जातं. पाणी खालून परत चंबूत जातं. 200 ग्रॅम ओलं गवत घातलं तर मिलिलिटरभर तेल मिळालं तरी चांगलं म्हणायचं. त्यातही बहुतेक तेल पानांचं आणि फुलोऱ्याचं. जाड काड्या नुसत्या भांड्यात जागा अडवतात. पहिल्या तासात घाईने मंडळी भट्टी बंद करतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण वजनदार घटक सावकाश उतरतात आणि ते मागेच राहून जातात.

निघालेल्या तेलात पाण्याचा अंश राहतो. त्यासाठी निर्जल सोडियम सल्फेट. चिमूटभर टाकलं की आधी तळाला गुठळ्या धरतं. मग आणखी थोडं. बाटली हलवल्यावर पूड साखरेसारखी सुटी घरंगळली की समजायचं, पाणी गेलं. हे काम डोळ्यांनीच होतं.

मग तेल हेक्झेनमध्ये पातळ करून गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडतात. सोडतात किती, तर एक मायक्रोलिटर, आणि त्यातलाही छोटासाच भाग कॉलममध्ये जातो. हा कॉलम 30 मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर रुंद, गुंडाळी करून ओव्हनमध्ये टांगलेला. ओव्हन 60 अंशांपासून मिनिटाला 3 अंशांनी तापत जातो. हलके घटक आधी बाहेर पडतात, जड मागून. पडद्यावर आधी मर्सिन, लिमोनिन, ओसिमिन यांची किरकोळ शिखरं उठतात, नंतर लिनालूल. मग बराच वेळ रेघ जवळजवळ सपाट, आणि मग जिरॅनिऑल.

या शिखराकडे मी नेहमी बारकाईने बघते. तेल पुरेसं पातळ केलेलं नसेल तर ते सरळ उठत नाही. सावकाश चढतं आणि एकदम कोसळतं, एका अंगाला कललेलं. असं झालं की त्याचा माथा आपल्या वेळेपेक्षा उशिरा येतो आणि रुंदावलेल्या पायथ्याखाली शेजारचे बारीक घटक दडपले जातात. अशा वेळी तेल आणखी पातळ करून पुन्हा चालवायचं, तासभर गेला तरी चालेल. अहवालाच्या घाईत ही एक फेरी वाचवणारे असतात, हे मला अजिबात पटत नाही.

घटकाचं नाव ठरवायला मास स्पेक्ट्रोमीटर असतो. 70 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या माऱ्याने रेणूचे तुकडे होतात आणि संगणक त्या तुकड्यांचा नमुना साठवलेल्या हजारो नमुन्यांशी ताडून नावं सुचवतो. खरी गफलत होते ती इथे. जिरॅनिऑल आणि नेरॉल यांचं रेणुसूत्र एकच, फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या बाजूचा. दोघांच्याही तुकड्यांत 69 वस्तुमानाचं शिखर सगळ्यात उंच. संगणक दोन्ही नावं जवळजवळ सारख्याच गुणांनी पुढे करतो, आणि वरचं नाव उचललं की झालं, असं समजणारे अहवाल बाजारात भरपूर फिरतात. त्यावर उपाय जुना आणि साधा आहे. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण त्याच कॉलममधून चालवायचं. बारा कार्बनचा 1200 वर, तेरा कार्बनचा 1300 वर, अशी मोजपट्टी तयार होते. आपल्या घटकाची जागा तिच्यावर काढायची. नेहमीच्या कमी ध्रुवीय कॉलमवर नेरॉल 1227 च्या आसपास येतो, जिरॅनिऑल 1249 च्या. तुकडे आणि जागा दोन्ही जुळले, तरच नाव लिहायचं.

काकांच्या गवतात मोतियाची सगळी लक्षणं सापडली, पण 1294 जवळ पेरिलिल अल्कोहोलचं छोटं शिखरही उभं होतं. बियाण्यात सोफिया मिसळलेला असणार. कॅनमधल्या त्यांच्या भट्टीच्या तेलात आणखी एक गोष्ट होती. जिरॅनियालचं, म्हणजे सिट्रलच्या एका रूपाचं प्रमाण आमच्या ताज्या तेलापेक्षा बरंच जास्त. अर्धा रिकामा कॅन, शेडमधलं ऊन, आतली हवा. जिरॅनिऑलचं ऑक्सिडीकरण होऊन हेच तयार होतं. भट्टी त्यांनी चांगलीच चालवली होती, तेल साठवताना बिघडलं. हे एका टक्केवारीतून त्यांना कधी कळलं नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अहवालातल्या टक्क्यांची बेरीज 100 भरते, कारण ती यंत्रातून बाहेर आलेल्या शिखरांच्या क्षेत्रफळांची बेरीज असते. जे बाहेर आलंच नाही, ते मोजलं जात नाही. रोशा तेलात कुणी खोबरेल किंवा एरंडेल मिसळलं तर ते 250 अंशांवरही उडत नाही, इंजेक्टरच्या काचनळीत चिकटून बसतं, आणि अहवालात जिरॅनिऑल 82 टक्के, बेरीज शंभर! असा एक नमुना माझ्यापुढे आला तेव्हा भेसळ पकडली ती साध्या कागदाने. थेंब टाकून ठेवला. अस्सल तेल उडून गेलं असतं, इथे मात्र दुसऱ्या दिवशीही तेलकट डाग तसाच होता. 70 टक्के अल्कोहोलमध्ये मिसळून पाहिलं, तर दुधाळ झालं. अस्सल रोशा दोन-तीन पट अल्कोहोलात स्वच्छ विरघळतं. घनता, अपवर्तनांक, विद्राव्यता या तपासण्या जुनाट म्हणून सोडून देणाऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

रोशाचं तेल विकत घेणाऱ्यांना आणि काढणाऱ्यांना म्हणूनच माझी विनंती आहे. नमुना पाठवताना गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, कापणी आणि ऊर्ध्वपातनाची तारीख लिहून पाठवा. प्लॅस्टिक नको. जमलं तर त्याच शेतातली गवताची पेंढीही द्या. आणि अहवाल घेताना एका ओळीवर समाधान मानू नका. पूर्ण आलेख मागा, प्रत्येक नावापुढचा मोजपट्टीवरचा आकडा मागा, अल्कोहोलातली विद्राव्यता मागा. हे सगळं मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण तपासणीचे पैसे तुम्ही मोजले आहेत.