घरच तापले तर जायचे कुठे?

एप्रिल उजाडला की आम्ही डॉक्टर मंडळी एकच पालुपद लावतो : दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. सल्ला बरोबर आहे. पण घर बाहेरच्यापेक्षा थंड आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या जिल्ह्यातल्या पत्र्याच्या आणि उघड्या स्लॅबच्या कितीतरी घरांबाबत ते खरे नसते. उन्हाळ्यात चक्कर, उलट्या, गळाठा घेऊन येणाऱ्या रुग्णांत विड्या वळणाऱ्या बाया असतात, म्हातारी माणसे असतात, बाळंतिणी असतात. यांतले कित्येक जण उन्हात गेलेलेच नसतात. ते घरातच तापलेले असतात.

आधी शरीराचे गणित पाहू. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असते. हवा त्याहून थंड असेल तर शरीरातली उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा त्याहून तापली, की घाम येऊन तो वाळणे एवढाच मार्ग उरतो. खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. घामावाटे पाणी आणि मीठ जाते, हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावे लागते. वयस्कर माणसांना तहान उशिरा लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना पाण्याची कमतरता लवकर जाणवते (म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा). शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे जाऊन माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात समजावा. अंग ओले करा, वारा घाला आणि लगेच रुग्णालय गाठा.

रात्रीबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही. दिवसाच्या ताणातून शरीर रात्री सावरते. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि अंधार पडल्यावरही ते खोलीत सोडत राहतो. झोप मोडते, सावरायला वेळच मिळत नाही. सलग काही दिवस असे झाले, की हृदय आणि मूत्रपिंडाचे जुने रुग्ण ढासळू लागतात.

होटगीत हा विषय काढण्याला कारण आहे. होटगी रस्त्याने सोलापूर पसरत चालले आहे, शेतांचे प्लॉट होत आहेत. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारीला असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३० हजार घरांची वसाहत आकाराला आली. त्यातली पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. डोक्यावर पक्के छप्पर येणे ही आरोग्याची मोठी कमाई आहे. पण आज बांधलेले घर पुढच्या दोन पिढ्या वापरणार आहेत. ते थंड राहील की नाही, हे बांधतानाच ठरते.

आपली माळवदाची घरे उन्हाळ्यात गार असत. जाड भिंती, छतावर पांढऱ्या मातीचा थर आणि गरम हवा वर निघून जायला साणे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या अशाच जड घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यामुळे जुने घर जसेच्या तसे पुन्हा बांधा, असे मी म्हणणार नाही. त्यातले तत्त्व तेवढे घ्यावे : ऊन छतावरच अडवा आणि गरम हवेला वाट द्या.

सामान तर दारातच आहे. होटगी स्थानकाजवळ फताटेवाडीला एनटीपीसीचे १३२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. कोळशाच्या राखेपासून विटा होतात. त्यांना शेताची सुपीक माती लागत नाही आणि भट्टीचा धूरही होत नाही. राखेपासून केलेले हलके एएसी ब्लॉक उष्णता कमी आत सोडतात. विटेत घट्ट बसलेली राख उडत नाही, मात्र वीट किंवा ब्लॉक कापताना निघणारी धूळ फुप्फुसाला वाईट. कामगाराला चांगला मास्क द्यायलाच हवा.

घर बांधून झालेले असेल, तर गच्चीवर पांढरा थर द्या. चुना चालेल, पांढऱ्या फरशीचे तुकडेही चालतील. खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडू शकतो. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच केले. चुना लावताना डोळे जपा. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. नवे घर बांधणार असाल तर लांब भिंती उत्तर-दक्षिणेला ठेवा, पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवून वर छज्जा द्या, आणि त्या बाजूला एक कडुनिंब लावा.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. हजार चौरस फूट गच्चीवरून थोडी गळती धरूनही सुमारे ४० हजार लिटर पाणी मिळू शकते. ते बोअरजवळ मुरवा किंवा टाकीत साठवा. टाकीला घट्ट झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर उन्हाळ्याची सोय करताना डेंग्यूचे डास पाळले जातील.

प्लॉट किंवा फ्लॅट घेताना आपण रस्ता, पाणी, सात-बारा सगळे विचारतो. बिल्डरला आणखी दोन प्रश्न विचारा : वरच्या मजल्याचे छत उन्हापासून कसे वाचवले आहे? आणि वीज गेली तर या खोलीतून वारा कुठून कुठे वाहील? घरकुलाचे काम चालू असेल तर हेच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. एसीचे बिल ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी गार छत हे औषधाइतकेच मोलाचे आहे.